स्वस्त तिकिटाचा जमाखर्च
(मंडळाच्या वर्धापनदिनी भगिनी-संमेलनात केलेले भाषण)



महिन्यापूर्वी चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "यंदा वर्धापनदिनाला तुम्ही बोलायचे." मी म्हटले, "अहो, मी कसली बोलणार? मी ना लेखिका, ना वक्ती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला उखाणा घ्यायचा म्हटले तरी माझ्या पोटात गोळा येतो." त्या म्हणाल्या, "तीनदा अमेरिकेला जाऊन आलात, त्याचे सांगा." मला वाटले, नायगाराचा धबधबा आणि तिथली दुकाने यांचे वर्णन हवे असेल. पण बाई म्हणाल्या, "धबधबा आम्ही फोटोत पाहिला. तिकीट कसे निवडायचे ते सांगा. आपल्या गल्लीत आता घराआड एक मूल परदेशी आहे. आज ना उद्या प्रत्येकीला जायचे आहे, आणि कोणी नीट सांगत नाही."

बाईंचे म्हणणे मला पटले. आपण साडी घ्यायची तर चार दुकाने हिंडतो, पदर उलगडून पाहतो, रंग जाईल का विचारतो. तूरडाळ घ्यायची तर मूठभर हातात घेऊन पाहतो. आणि लाखाच्या घरातले तिकीट मात्र मुलगा किंवा जावई काढतो, आपण फक्त "कितीला पडले?" एवढेच विचारतो. ह्या एका प्रश्नाने माझे काय झाले, ते आज सांगणार आहे. त्यात माझी फजिती आहे, पण घरच्या माणसांत फजिती सांगायला कसली लाज?

आधी थोडे मागचे पाहू. १८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून आगबोटीने अमेरिकेला निघाल्या, त्या जवळजवळ दोन महिन्यांनी न्यूयॉर्कला पोचल्या. त्यांचे वय तेव्हा अवघे अठरा. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे पहिले परदेशी विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा करीत लंडनला गेले. १९६० च्या मे महिन्यात हीच कंपनी न्यूयॉर्कपर्यंत पोचली. आपण ज्याला 'इकॉनॉमी' म्हणतो तो वर्ग अटलांटिक महासागरावरच्या विमानांत १९५८ साली सुरू झाला. म्हणजे सामान्य माणसाने विमानात बसावे ही कल्पनाच मुळी नवी आहे. आज मुंबईहून न्यूयॉर्कचे साडेबारा हजार किलोमीटरचे अंतर न थांबता पंधरासोळा तासांत कापता येते. सोय एवढी वाढली, पण सोय वाढली की निवडही वाढते, आणि निवड वाढली की चूकही वाढते.

आता माझी गोष्ट. २०१८ साल. आमची धाकटी न्यू जर्सीला. पहिलेच बाळंतपण, तारीख नोव्हेंबरच्या तिसाची. सासूबाई तिला नाहीत. तेव्हा मी जाणे भागच होते. ह्यांची प्रकृती तेव्हा ठीक नव्हती म्हणून मी एकटीच निघणार. जावई फोनवर म्हणाले, "आई, न थांबता जाणारे विमान आहे, एकोणऐंशी हजार जाऊनयेऊन. काढू का?" मी म्हटले, "दुसरे काही नाही का?" ते म्हणाले, "दोन थांब्यांचे एकसष्ट हजारांचे आहे, पण तुम्ही एकट्या..." मी त्यांचे वाक्य पुरे होऊ दिले नाही. "तेच काढा. मला काय घाई आहे? बसून तर राहायचे."

भगिनींनो, खरे सांगायचे तर पैशाची अडचण नव्हती. जावई आनंदाने देत होते, आमच्याजवळही होते. पण जावयाच्या पैशाने महागाचे तिकीट घ्यायचे हे माझ्या मनाला पटेना. मुलाच्या शिक्षणाला, मुलीच्या लग्नाला हात सैल सोडणाऱ्या आपण बायका स्वतःसाठी रुपया काढायचा म्हटला की हात आखडता घेतो, आणि वर त्याला काटकसर असे नाव देतो. मी अठरा हजार वाचवले म्हणून चार मैत्रिणींना सांगितलेसुद्धा. त्यांतल्या दोघी आज समोरच बसल्या आहेत.

बारा नोव्हेंबरला सांगलीहून गाडी करून मुंबईला गेले. बरोबर डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतविडा, दुपट्यांची चळत. रात्री अकराला विमानतळावर सामान देण्याच्या खिडकीशी उभी राहिले. तिथल्या मुलीने पासपोर्ट उलटसुलट केला आणि विचारले, "आजी, तुमचा शेंगेन व्हिसा कुठे आहे?" मी म्हटले, "मला शेंगेनला नाही जायचे, मला न्यू जर्सीला जायचे आहे." मला ते गावाचे नाव वाटले हो!

ती बिचारी समजुतीने सांगू लागली. शेंगेन हा युरोपातल्या देशांचा करार आहे. आज त्यात २९ देश आहेत. त्यांच्या आपापसातल्या सीमेवर सहसा पासपोर्ट तपासत नाहीत. आपण सांगलीहून नागपूरला जावे तसे ते एका देशातून दुसऱ्यात जातात. माझे तिकीट मुंबईहून त्यांतल्या एका देशात, तिथून त्यांतल्याच दुसऱ्या देशात आणि मग अमेरिकेत, असे होते. पासपोर्टात अमेरिकेचा व्हिसा असला की त्यांतल्या पुष्कळ देशांत एकाच विमानतळावर विमान बदलू देतात. पण पहिल्या शहरातून दुसऱ्या शहराला जायचे म्हणजे युरोपाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणे झाले, आणि त्याला त्यांचा व्हिसा लागतो. तिकीट विकणाऱ्याने हे विचारले नव्हते, आणि आम्हीही पाहिले नव्हते. व्हिसा नाही म्हणून त्यांनी मला विमानात घेतले नाही. त्यांचेही काही चुकले नाही. असा प्रवासी नेला तर दंड त्यांनाच होतो.

रात्री एक वाजता दोन मोठ्या बॅगा आणि लाडवांची पिशवी घेऊन मी दादरला नणंदेच्या दारात उभी राहिले. दुसरे तिकीट सतरा तारखेचे मिळाले, ते सत्त्याण्णव हजारांना. आणि पंधरा तारखेला, ठरल्या दिवसाच्या पंधरा दिवस आधीच, जावयांचा फोन आला, "आई, नातू झाला. दोघे सुखरूप आहेत." मी देवापुढे साखर ठेवली, आणि नणंदेच्या स्वयंपाकघरात जाऊन रडले. बारा तारखेच्या विमानात बसले असते तर तेराला पोचले असते. तीस तास मुलगी कळा सोसत होती. जावयांनी नंतर सांगितले, ती मधूनमधून एवढेच विचारीत होती, "आईचे विमान सुटले का?"

आता हिशोब ऐका. जुन्या तिकिटाचे एकसष्ट हजारांपैकी चौदा हजार परत मिळाले, म्हणजे सत्तेचाळीस हजार पाण्यात. नवे तिकीट सत्त्याण्णव हजार. एकूण एक लाख चव्वेचाळीस हजार. एकोणऐंशीचे तिकीट नको म्हणणाऱ्या बाईने पासष्ट हजार जास्त मोजले. आणि जे रुपयांत मांडता येत नाही ते वेगळेच.

त्या दिवसापासून मी एक वही केली. त्यानंतर दोनदा अमेरिकेला गेले, आणि आपल्यातल्या काही जणींची तिकिटे निवडताना ती वही कामास आली. तीतल्या गोष्टी क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट, वाटेतले देश. तिकिटावर फक्त आपले गाव आणि पोचायचे गाव पाहू नये, मधली नावे वाचावीत. प्रत्येक थांब्यासाठी विचारावे: भारतीय पासपोर्टावर इथे विमान बदलायला परवाना लागतो का? नियम देशागणिक वेगळे असतात आणि बदलतातही, म्हणून शेजारणीच्या गेल्या वर्षीच्या अनुभवावर विसंबू नये. त्या देशाच्या वकिलातीचे आणि विमान कंपनीचे संकेतस्थळ मुलांकडून वाचून घ्यावे. अमेरिकेचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. तिथे ज्या विमानतळावर आपण प्रथम उतरतो तिथेच इमिग्रेशनची तपासणी होते, आणि पुढे दुसऱ्या गावी जायचे असले तर बहुधा सामान तिथेच उचलून, कस्टममधून नेऊन पुन्हा द्यावे लागते. म्हणून थांबा अमेरिकेत असेल तर मधे चांगले तीनचार तास हवेत. अबूधाबीसारख्या एखाद्या ठिकाणी मात्र २०१४ पासून ही अमेरिकन तपासणी विमानात चढण्यापूर्वीच होते.

दुसरी गोष्ट, सगळा प्रवास एकाच तिकिटावर असावा. कधीकधी मुंबई ते एखादे आखाती शहर एका कंपनीचे, आणि तिथून पुढे दुसऱ्याच कंपनीचे वेगळे तिकीट, अशी जोडणी केली तर पैसे वाचतात असे दिसते. पण पहिल्या विमानाला उशीर झाला आणि दुसरे चुकले, तर दुसऱ्या कंपनीचा आपल्याशी काही संबंध नाही. तिकीट एक असेल तर पुढच्या विमानात बसवून देण्याची जबाबदारी त्यांची. सामानही शक्यतो शेवटच्या गावापर्यंत परस्पर जाते. जून २०२५ मध्ये एका संध्याकाळी कतारचे आकाश काही तास बंद झाले आणि कितीतरी विमाने आल्या वाटेने परतली. अशा वेळी आपल्या हातात एक तिकीट आहे की दोन, ह्यावर सारे अवलंबून असते.

तिसरी गोष्ट, तास मोजणे. तिकिटावर सुटण्याची वेळ आपली आणि पोचण्याची वेळ तिथली असते. मुंबईहून पहाटे दोनला निघून न्यूयॉर्कला सकाळी साडेसातला पोचले, म्हणजे साडेपाच तास नव्हेत! हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यामागे साडेदहा तास असते, उन्हाळ्यात साडेनऊ. म्हणजे हिवाळ्यात तो प्रवास सोळा तासांचा झाला. तिकिटावर 'एकूण काळ' म्हणून जो आकडा असतो तोच पाहावा. आणि तारखेचे सांभाळा. पंधरा तारखेला पहाटे दीडचे विमान म्हणजे चौदा तारखेच्या रात्री विमानतळावर हजर व्हायचे. ह्या एका गोष्टीने भलेभले फसले आहेत. पंधराच्या रात्री बॅगा घेऊन जावे तर विमान आदल्या रात्रीच उडालेले!

थांबा किती तासांचा असावा? दीड तासाचा थांबा कागदावर छान दिसतो, पण आपल्या वयाच्या बाईला तो जीवघेणा. ज्यांना चाकाची खुर्ची लागते त्यांना तर एक गोष्ट कोणी सांगतच नाही: खुर्चीवाल्यांना विमानातून सहसा सर्वांच्या शेवटी उतरवतात. साडेतीनशे माणसे उतरेपर्यंत अर्धा तास गेला. म्हणून मी तीन ते पाच तासांचा थांबा धरते. त्याहून कमी नको आणि दहाबारा तासांचाही नको. बाकावर बसून रात्र काढायची तर दुसऱ्या दिवशी अंग मोडून येते. खुर्ची मागायला लाजू नका. तिचे पैसे पडत नाहीत. फक्त तिकीट काढतानाच किंवा निदान दोन दिवस आधी कळवावे लागते. माझे गुडघे कोणापासून लपलेले नाहीत. मी पहिल्यांदा खुर्ची घेतली नाही ती केवळ लोक काय म्हणतील म्हणून. दुसऱ्यांदा घेतली आणि कोणीही काही म्हटले नाही.

चौथी गोष्ट, विमान कोणते आणि बसायची जागा कोणती. तिकिटावर विमानाची जात लिहिलेली असते. बोइंग ७७७ मध्ये बहुतेक कंपन्या एका रांगेत दहा खुर्च्या घालतात, तीन-चार-तीन अशा. खुर्ची साधारण सतरा इंचांची. बोइंग ७८७ मध्ये नऊ खुर्च्या, रुंदी जवळजवळ तेवढीच. एअरबस ए-३५० मध्ये बहुधा नऊ, आणि अर्ध्या-पाऊण इंचाने ऐसपैस. एअरबस ए-३३० मध्ये आठ, दोन-चार-दोन. नवराबायको दोघेच असतील तर खिडकीकडच्या दोन खुर्च्या म्हणजे आपला सवतासुभा. अर्ध्या इंचाने काय होते असे वाटेल, पण पंधरा तास शेजाऱ्याचे कोपर बरगडीत असले म्हणजे अर्ध्या इंचाचे मोल कळते. पुढच्या खुर्चीपर्यंतचे अंतर बहुतेक ठिकाणी एकतीस-बत्तीस इंच असते. कोणी तीसच देत असेल तर दोनदा विचार करावा.

आपल्या वयाला जागा कडेची, म्हणजे वाटेलगतची घ्यावी, कारण रात्री उठावे लागते. त्यातही मधल्या ओळीच्या कडेची बरी. खिडकीकडच्या तिनांत कडेला बसलात तर आतले दोघेही तुम्हालाच उठवतात. मधल्या ओळीत आतल्या माणसाला दुसऱ्या बाजूनेही जाता येते. संडासाशेजारची जागा नको. तिथे रात्रभर रांग आणि दाराचा आवाज. आणीबाणीच्या दाराजवळ पाय पसरायला ऐस जागा असते, पण प्रसंगी दार उघडण्याचे काम तिथल्या उतारूकडे असल्यामुळे म्हाताऱ्या किंवा अधू माणसाला ती देत नाहीत. त्यासाठी जास्तीचे पैसे भरून बसू नका.

पाचवी गोष्ट, प्रकृती. विमान पस्तीस-चाळीस हजार फुटांवर उडते, पण आत हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढा ठेवतात. आपली कळसूबाई चोपन्नशे फूट. म्हणजे पंधरा तास आपण कळसूबाईच्या शिखराहूनही उंच बसलेलो असतो, आणि तिथली हवा पापडासारखी कोरडी. ७८७ आणि ए-३५० ह्या नव्या विमानांत हा दाब सहा हजार फुटांच्या हिशोबाने ठेवता येतो आणि हवाही थोडी ओलसर असते. ज्यांना दमा किंवा हृदयविकार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच निघावे. सारखे बसल्याने पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, चार तासांहून जास्त बसून प्रवास केला तर हा धोका सुमारे दुप्पट होतो असे दिसले. तरी एकंदरीत तो साधारण सहा हजारांत एकाला. म्हणजे घाबरायचे कारण नाही, पण दर दीडदोन तासांनी उठून दोन फेऱ्या माराव्यात, बसल्या जागी पावले हलवावीत, पाणी प्यावे. संडासाला जावे लागेल म्हणून पाणीच न पिण्याची आपली जी खोड आहे, ती घरी ठेवून जावी. औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवावीत, बॅगेत कधीही नाही.

सहावी गोष्ट, सामान. अमेरिकेच्या प्रवासात तेवीस किलोच्या दोन बॅगा पुष्कळ कंपन्या देतात, पण हल्ली त्याच विमानात चार प्रकारची तिकिटे असतात. सर्वांत स्वस्त तिकिटावर कधी एकच बॅग, कधी जागा निवडता येत नाही, कधी तारीख बदलता येत नाही, कधी रद्द केले तर दमडी परत नाही. आपण लोणची, भाजणी, गोडा मसाला नेणाऱ्या बायका. दुसऱ्या बॅगेचे पैसे विमानतळावर भरायचे तर लोणचे सोन्याच्या भावाने पडते.

सातवी गोष्ट, खाणे. तिकीट काढल्यावर आपला आहार कळवायचा असतो, तोही एकदोन दिवस आधी. यादीत 'हिंदू मील' असे दिसते. आपल्यापैकी शाकाहारी बाईला वाटते, हेच आपले. नव्हे! त्याचा अर्थ बहुधा गोमांस आणि डुकराचे मांस नसलेले जेवण. कोंबडी किंवा मासळी त्यात असते. शाकाहारी भगिनींनी 'एशियन व्हेजिटेरियन' किंवा 'जैन मील' मागावे. माझ्या एका विहीणबाईंनी कागद उघडला तो आत कोंबडी, आणि त्या दिवशी त्यांची चतुर्थी. सोळा तास त्यांनी नुसत्या सफरचंदावर काढले.

आता ह्या सगळ्याचा जमाखर्च कसा मांडायचा? २०२५ साली मी तिसऱ्यांदा गेले तेव्हाचे वहीतले पान वाचून दाखवते. तीन तिकिटे समोर होती. पहिले दोन थांब्यांचे, अठ्ठ्याहत्तर हजार, एकूण एकतीस तास. दुसरे एका थांब्याचे, ब्याण्णव हजार, बावीस तास, मधे चार तास. तिसरे न थांबता, एक लाख आठ हजार, सोळा तास. पूर्वीची मी असते तर पहिल्यावर बोट ठेवले असते. पण पहिल्यात बॅग एकच. दुसरीचे नऊ हजार. जागा निवडण्याचे तीन हजार. मधे रात्रीचा थांबा, खोलीचे सहा हजार. म्हणजे शहाण्णव हजार झाले. दुसऱ्यात बॅगा दोन, जागेचे अडीच हजार, एकूण साडेचौऱ्याण्णव. जे महाग दिसत होते तेच दीड हजाराने स्वस्त आणि नऊ तासांनी जवळचे निघाले! तिसरे जागेचे धरून एक लाख साडेदहा हजार.

मी दुसरे घेतले. सोळा तास सलग बसणे माझ्या गुडघ्यांना झेपत नाही. मधे चार तास पाय मोकळे झाले, चहा झाला, मुलीशी बोलणे झाले. पण पलीकडच्या आळीतल्या काकूंना मी तिसरेच घ्यायला लावले. त्यांना कमी ऐकू येते, इंग्रजी येत नाही, आणि परक्या विमानतळावर दार बदलल्याची सूचना झाली तर त्यांना कळणार नाही. त्यांच्यासाठी सोळा हजार हा खर्च नव्हे, ती सोबतीची किंमत आहे. तात्पर्य, सर्वांत चांगले तिकीट असे काही नसते. जिला जायचे आहे तिच्या पायांना, कानांना, पोटाला आणि कामाला जे जुळते ते चांगले. म्हणून तिकीट काढणाऱ्या मुलांना "कितीला पडले?" हे शेवटी विचारा; आधी "कुठून, किती तास, किती थांबे?" हे विचारा.

एक गोष्ट विसरत होते. न थांबणारे विमानही कधी थांबते. एप्रिल २०२५ च्या अखेरीस पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा विशेषतः उत्तर भारतातून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना वळसा पडला, आणि अमेरिकेच्या काही विमानांना इंधनासाठी युरोपात उतरावे लागले. म्हणून बाळंतपण, शस्त्रक्रिया, लग्न अशा कामाला जायचे तर आठपंधरा दिवस हाताशी ठेवूनच निघावे. मी ते ठेवले होते, पण माझ्याच कंजूषपणाने ते खाल्ले.

नातू आता शाळेत जातो. मुलीने मला त्याबद्दल कधी एक शब्द ऐकवला नाही. तिसऱ्या खेपेला तिच्या घरी पोचले तेव्हा तिने दारातच विचारले, "आई, कुठले तिकीट घेतलेस?" मी वहीचे पान दाखवले. तिने ते दोनदा वाचले आणि म्हणाली, "ह्या वेळी स्वतःचे गुडघेही हिशोबात धरलेस की!" आणि चहा टाकायला आत गेली.

भगिनींनो, ती वही मी आज बरोबर आणली आहे. तिच्यात माझे खासगी असे काही नाही, एक धोब्याचा हिशोब तेवढा आहे. ती मंडळाच्या कपाटात ठेवावी अशी चिटणीसबाईंना विनंती करते. ज्या भगिनीला जायचे असेल तिने तीत आपले पान लिहावे: कोणत्या वाटेने गेले, किती तास लागले, काय चुकले. आणि तिकीट काढण्यापूर्वी कोणाला विचारायचे असेल तर गुरुवारी भजनानंतर मी अर्धा तास थांबत जाईन. मला सगळेच ठाऊक आहे असे नाही; पण दोघींनी मिळून वाचले म्हणजे नजरेतून कमी सुटते.

 चहा निवत असेल, तेव्हा येथेच पुरे करते.